युद्धाचं चित्रपुस्तक आणि गावातला पुरावा

प्रश्न : मी कोरेगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीच्या जोडवर्गाला शिकवते. शाळेला भेट मिळालेल्या पुस्तकांत युद्धावरची तीन चित्रपुस्तकं निघाली, तिन्ही इंग्रजी. एक घर सोडून निघालेल्या कुटुंबाचं, एक प्राणिसंग्रहालयातल्या हत्तींचं आणि एक हिरोशिमाचं. वर्गातल्या काही मुलांचे वडील फौजेत आहेत. ही पुस्तकं या वयाला वाचून दाखवावीत का? त्यातून इतिहास शिकवला जाईल, की मुलं नुसती घाबरतील? आणि पालकांना काय सांगायचं?

उत्तर :

ताई, वाचून दाखवा, पण तिन्ही याच वर्षी नकोत. घर सोडणाऱ्या कुटुंबाचं पुस्तक तिसरीलाही चालतं. हत्तींचं पुस्तक चौथीच्या मुलांसाठी दिवाळीनंतर काढा, तोवर मुलं तुम्हाला आणि तुम्ही मुलांना पुरत्या ओळखीच्या झालेल्या असाल. हिरोशिमाचं पुस्तक सहावी-सातवीच्या शिक्षकांच्या हाती द्या.

मी वाळवा-पलूस भागात प्राथमिक शाळांत शिकवलं आणि आता शिक्षकांबरोबर वाचनाचं काम करते. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालं आहे, तेच आधी सांगते. युद्धाचं चित्रपुस्तक एकटं वाचू नये. त्याला आपल्या गावातला, तालुक्यातला किंवा निदान जिल्ह्याशेजारचा एक खरा पुरावा जोडावा. कोनशिला, पदक, जुना फोटो, पेन्शनचं पुस्तक, एखाद्या म्हाताऱ्या माणसाची आठवण, काहीही चालेल. पुस्तकातलं चित्र मुलाला आत नेतं, पण ते कुणीतरी बसून काढलेलं असतं, त्यात काय दाखवायचं आणि काय गाळायचं हे त्या माणसानं ठरवलेलं असतं. गावातली कोनशिला खरी असते, पण तिच्यासमोर मूल दोन मिनिटंही थांबत नाही. दोन्ही शेजारी आली की मूल आपणहून विचारतं, ‘बाई, हे खरंच झालं होतं का? आपल्याला कसं कळलं?’ हा प्रश्न वर्गात एकदा आला की तुम्ही इतिहास शिकवायला लागलात असं समजा.

आता पुस्तकांकडे येते.

घर सोडून निघालेल्या कुटुंबाची चित्रपुस्तकं जगभर आहेत आणि ती बहुतेक सारख्याच वळणाची असतात. आधी भरलेलं घर, मग कसलीतरी धास्ती, गाठोडं, रात्रीचा प्रवास, परका गाव. इंग्रजी मजकुराची काळजी करू नका. मराठी मजकूर चिठ्ठ्यांवर लिहून पानाच्या मागच्या बाजूला चिकटवा, म्हणजे पुस्तक मुलांकडे धरूनही तुम्हाला वाचता येईल. वाक्यं आपल्या बोलीत आणा, पण माणसांची आणि गावांची नावं मूळचीच ठेवा. परक्या देशातल्या मुलाला गणू-राजू केलं की मुलांना गोष्ट जवळची वाटते, पण ती कुठं घडली तेच पुसलं जातं.

पहिल्या दिवशी सलग वाचा. मध्ये थांबून ‘यावरून काय शिकलो’ विचारू नका. दुसऱ्या दिवशी फक्त चित्रं पाहायची, मजकूर झाकून. मी दोनच प्रश्न विचारते : काय दिसतंय? आणि, कशावरून म्हणतोस? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. ‘ती आई घाबरलीय’ असं मूल म्हणालं की ‘कशावरून?’ मग ते पुन्हा पाहतं आणि सांगतं, तिनं पोराचं मनगट धरलंय, हात नाही धरलेला. मोठ्यांच्या नजरेतून निसटणाऱ्या अशा कितीतरी गोष्टी मुलं धरतात. आपल्याकडची मुलं तर अशा पुस्तकात जनावरं शोधतात. पलूसकडच्या एका शाळेत गाडीत सामान भरणाऱ्या कुटुंबाचं चित्र पाहून एका मुलीनं विचारलं, ‘यांची म्हस कुणी सोडली?’ पुस्तकात म्हैस नव्हती. पण ऑगस्ट २०१९च्या महापुरात कृष्णाकाठच्या मुलांनी होडीत बसून घरं सोडली होती, दावणीची जनावरं सोडताना रडणारी माणसं पाहिली होती. त्या मुलीला निर्वासित म्हणजे काय हे समजावायची गरजच उरली नव्हती.

पण इथंच एक काळजी घ्यावी लागते. पुराशी जोडणं सोपं आहे म्हणून तिथंच थांबू नका. पूर कुणी पाठवत नाही. युद्ध माणसं ठरवून करतात, कुणीतरी हुकूम काढतो, कुणीतरी तो पाळतो, कुणीतरी नाकारतो. हा फरक मुलांसमोर ठेवला नाही तर युद्ध म्हणजेही निसर्गाचा कोप, येतो आणि जातो, असं त्यांच्या मनात बसतं. ‘पुरात घर सोडणं आणि युद्धात घर सोडणं यात वेगळं काय?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. चौथीची मुलं उत्तरापर्यंत पोचतात.

या पुस्तकाला जोडायचा पुरावा आपल्या अगदी शेजारी आहे. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथं पोलंडच्या निर्वासितांची वसाहत होती. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं तिथं राहिली, त्यात बायका आणि मुलंच जास्त. १९४० साली पूर्व पोलंडमधून त्यांना सोव्हिएत रशियानं सैबेरिया आणि कझाकस्तानकडे हलवलं होतं. तिथून सुटून, इराणमार्गे, ती इथवर पोचली. वळिवड्याला त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. तुमच्या सातारा जिल्ह्यातही ती मुलं आली होती : आजारातून उठलेल्यांना हवापालटासाठी पाचगणीला ठेवलं जाई. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. २०१९ साली वळिवड्यातही स्मारक झालं. त्या वेळी लहान असलेली काही माणसं म्हातारपणी पोलंडहून आली आणि आपण खेळलो ती जागा बघून गेली. चित्रपुस्तकातलं परक्या देशातलं कुटुंब आणि पाचगणीच्या थंड हवेत बरं होणारी पोलिश मुलगी एका तासात भेटली, की ‘तिकडं कुठंतरी’ हा शब्द मुलं सोडून देतात. नकाशा टांगा. पोलंड, सैबेरिया, इराण, कराची, मुंबई, कोल्हापूर अशी दोरी लावा. दोरीची लांबीच मुलांना पुष्कळ सांगते.

हत्तींच्या पुस्तकाबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण ते वाचणं अवघड आहे आणि इतिहास शिकवायला त्याच्याइतकं कामाचं पुस्तक दुसरं नाही.

वर्णनावरून ते युकिओ त्सुचिया यांचं असावं. टोकिओच्या उएनो प्राणिसंग्रहालयातल्या जॉन, टोंकी आणि वानली या तीन हत्तींची ती गोष्ट आहे. बॉम्बहल्ल्यात पिंजरे तुटून हिंस्र जनावरं शहरात शिरतील, म्हणून त्यांना मारायचा हुकूम येतो. हत्ती विषाचे बटाटे खात नाहीत, जाड कातडीत सुई शिरत नाही, म्हणून त्यांना उपाशी ठेवतात. भुकेले हत्ती माहुतांना पाहून शिकवलेले खेळ करून दाखवतात, खेळ केला की खायला मिळतं हे त्यांना ठाऊक असतं. या पानावर मोठी माणसंही वाचू शकत नाहीत. आधी घरी मोठ्यानं वाचून या, म्हणजे वर्गात आवाज सांभाळता येईल.

ही गोष्ट खरी आहे. हत्ती खरंच उपाशी मारले गेले. पण पुस्तकात एक गोष्ट जुळत नाही. पुस्तकात टोकिओवर बॉम्ब पडत आहेत आणि त्या भीतीनं हुकूम निघतो. प्रत्यक्षात हुकूम ऑगस्ट १९४३ मध्ये निघाला आणि सप्टेंबर संपायच्या आत तिन्ही हत्ती गेले. टोकिओवर सलग बॉम्बहल्ले सुरू झाले ते नोव्हेंबर १९४४ मध्ये, म्हणजे त्यानंतर वर्षभरानं. मग घाई कशाची होती? एका हत्तीला दुसऱ्या शहरातल्या प्राणिसंग्रहालयात हलवायची तयारी होती, ती वरून नाकारली गेली. नागोयाच्या प्राणिसंग्रहालयानं तर आपले दोन हत्ती युद्धभर जगवले. इतिहासाच्या अभ्यासकांचं म्हणणं असं की, युद्ध आता आपल्या दारात आलंय, त्यागाला तयार राहा, हे लोकांच्या मनावर ठसवण्यासाठी तो हुकूम होता. त्यातले दोन हत्ती जिवंत असतानाच प्राण्यांच्या श्रद्धांजलीचा समारंभ उरकला होता.

तिसरीला हे सगळं सांगू नका. चौथीला फक्त दोन तारखा फळ्यावर लिहा. हत्ती : सप्टेंबर १९४३. बॉम्ब : नोव्हेंबर १९४४. काहीही न बोलता बसा. कुणीतरी म्हणेल, ‘बाई, हे उलटं झालं.’ मग विचारा, पुस्तक खोटं आहे का? यावर वर्गात जी चर्चा होते ती कुठल्याही स्वाध्यायात होणार नाही. काही मुलं म्हणतील खोटं. काही म्हणतील, हत्ती मेले ते तर खरं आहे. कुणी म्हणेल, लिहिणाऱ्यानं सोपं केलं. तुम्ही निकाल देऊ नका. मनाला हलवणाऱ्या पुस्तकातही तपासण्यासारखं काही असतं आणि तपासल्यानं हत्तींबद्दलचं वाईट वाटणं कमी होत नाही, हे दहा वर्षांच्या मुलाला कळलं तर त्याच्यासाठी फार मोठी गोष्ट झाली. आज मोबाइलवर युद्धाची कसलीही चित्रं घरात येतात. ‘हे कधीचं? कुणी काढलं?’ हे विचारायची सवय मुलांना इथूनच लावता येते.

आणि या पुस्तकापाशी मुलांना उदास सोडून जाऊ नका. युद्ध संपल्यावर टोकिओच्या मुलांनी पंडित नेहरूंना पत्रं लिहून हत्ती मागितला. १९४९ मध्ये नेहरूंनी एक हत्तीण पाठवली. तिचं नाव इंदिरा, त्यांच्या मुलीचं. सोबतच्या पत्रात त्यांनी लिहिलं की ही भेट माझी नव्हे, भारतातल्या मुलांनी जपानच्या मुलांना दिलेली आहे. हे सांगितल्यावर मुलं सुटकेचा श्वास टाकतात. हे मुद्दाम गोड केलेलं नाही, घडलेलंच आहे, म्हणून ते निःशंक सांगावं. आपल्याकडे सांगलीच्या गणपतीच्या देवळाचा हत्ती पाहिलेली माणसं घरोघरी आहेत. मुलांना आजी-आजोबांना विचारून यायला सांगा, तो काय खायचा, कुणाच्या हातचं खायचा. हत्तीची भूक म्हणजे किती, हे तिथून कळतं.

हिरोशिमाचं पुस्तक तोशी मारुकी यांचं असेल तर ते जपूनच काढा. ६ ऑगस्ट १९४५ला बॉम्ब पडल्यावर काही दिवसांतच त्या आणि त्यांचे पती त्या शहरात पोचले होते. पाहिलेलं त्यांनी पुढे आयुष्यभर रंगवलं. त्या पुस्तकात सात वर्षांची मुलगी न्याहारी करत असते. बॉम्ब पडल्यावर आईबरोबर धावताना जेवणाच्या काड्या तिच्या मुठीतच राहतात आणि पुढे कितीतरी वेळ सुटत नाहीत. सातवीच्या मुलांना नंतर ज्वाळांपेक्षा त्या काड्या आठवतात, हा माझा अनुभव आहे. हिरोशिमाच्या संग्रहालयात एका शाळकरी मुलाचा जळून कोळसा झालेला जेवणाचा डबा ठेवलेला आहे. त्याचा फोटो या पुस्तकाशेजारी ठेवावा. सहा ऑगस्टला कागदी पक्षी करायचा कार्यक्रम बऱ्याच शाळांत होतो. बॉम्बच्या किरणोत्सर्गानं आजारी पडलेल्या आणि बरं वाटावं म्हणून हजार कागदी पक्षी करायला घेतलेल्या सादाको ससाकी या मुलीची गोष्ट सांगताना ‘तिचे पक्षी अपुरे राहिले’ असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात १९५५ मध्ये मृत्यूपूर्वी तिनं हजारापेक्षा जास्त पक्षी पूर्ण केले होते. तीही गोष्ट मोठ्या मुलांबरोबर तपासण्यासारखी आहे.

आता तुमच्या वर्गातली फौजींची मुलं. सातारा जिल्ह्यात हा प्रश्न टाळताच येत नाही. मुलाचे बाबा सीमेवर असताना तुम्ही युद्धाचं पुस्तक वर्गात उघडणार. माझा नियम असा : त्या मुलाच्या आईशी आठवडाभर आधी बोलायचं, पुस्तक तिच्या हातात द्यायचं, पानं तिला चाळू द्यायची. ‘नको’ म्हणाली तर नको. बहुतेक आया ‘वाचा’ म्हणतात, कारण घरात याविषयी कुणी बोलत नाही आणि पोराच्या मनात ते असतंच. वर्गात त्या मुलाला ‘तुझे बाबा पण...’ असं कधीही उभं करू नका. त्याला बोलावंसं वाटलं तर ते स्वतः बोलेल. मुलं रणगाडे आणि विमानं काढतील, त्यांना काढू द्या, नाराजी दाखवू नका. बाबाला मजबूत गाडीत बसवायचं असतं त्यांना.

वेळेबद्दल एक अगदी व्यवहाराची गोष्ट. असं पुस्तक शेवटच्या तासाला वाचू नका आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेत तर मुळीच नको. मूल तेच डोक्यात घेऊन घरी जातं आणि सोमवारपर्यंत बोलायला कुणी नसतं. मधल्या सुट्टीच्या आधी वाचा. सुट्टीत मुलं खिचडी खातात, एकमेकांशी बोलतात, खेळतात, आणि परत आली की ज्याला विचारायचं ते विचारतात. वाचताना कुणी रडलं तर पुस्तकात बोट ठेवून थांबा. ‘गोष्टच आहे ती’ असं म्हणू नका, कारण ते खरं नाही आणि मुलाला ते कळतं. ‘मलाही वाईट वाटतं या पानावर’ एवढं पुरे.

‘आमच्या पोरांना शौर्य शिकवा, रडायला कशाला शिकवता?’ असं पालकसभेत कुणीतरी म्हणणारच. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांचं म्हणणंही समजण्यासारखं आहे. शौर्य सांगाच. इटलीत सेनिओ नदीच्या काठी ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना पाण्यातून पलीकडे आणलं आणि मग एकट्यानं शत्रूच्या मशिनगनच्या चौक्या बंद पाडल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सांगताना त्या शौर्याची पहिली पायरी जखमी माणसाला उचलणं होती, हे गाळू नका. आणि चौथीची मुलं ज्या शिवरायांचा इतिहास शिकतात, त्यांचं चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र पालकसभेत वाचून दाखवा. घोडदळाचा मुक्काम आहे, दाणा-वैरण जपून वापरा, कुणब्यांच्या घरून दाणा, भाजी, गवत काहीही आणू नका, लागेल ते बाजारातून विकत घ्या, असं त्यात बजावलं आहे. रात्री दिवा जळत ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, इथपर्यंत काळजी केली आहे. लढाईच्या दिवसांत शेतकऱ्याच्या घरात काय होतं याचा विचार करणारा राजा हा आपल्याच इतिहासातला पुरावा आहे. हे ऐकल्यावर चित्रपुस्तकातल्या शेतकऱ्याकडे पालक निराळ्या नजरेनं बघतात. मुलांना मात्र उंदराचं चित्र काढायला सांगा, सगळा वर्ग काढतो.

गावातला पुरावा शोधायचा कसा, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सगळं काम तिथंच आहे. तुमच्यापासून सातारा तालुक्यातलं आपशिंगे लांब नाही, ज्याच्या नावापुढे कंसात ‘मिलिटरी’ लिहितात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान गेले, आणि तिथं त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. साताऱ्याकडच्या इतर गावांतूनही पहिल्या-दुसऱ्या महायुद्धात माणसं गेली. कोरडवाहू शेती, घरात खाणारी तोंडं जास्त आणि पलटणीतला बांधला पगार, यामुळे माण-खटावच्या घराघरांतून पोरं भरती झाली. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. कुत-अल-अमारा इथं १९१५-१६च्या वेढ्यात त्यांनी उपासमार काढली. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मृत सैनिकांची नावं फुकट शोधता येतात आणि पुष्कळ नोंदींत वडिलांचं आणि गावाचं नाव, ‘सातारा’ या जिल्ह्याच्या नावासह, असतं. गावाचं स्पेलिंग इंग्रजांनी कसंही लिहिलेलं असतं, म्हणून जिल्ह्यावरून शोधत जा. वर्गातल्या कुणाचं तरी आडनाव आणि गाव दोन्ही जुळतं, तेव्हा मुलांचे चेहरे बघा. मोठ्या मुलांना हेही सांगा की इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर इंग्रज शिपायांची नावं कोरली आणि भारतीय शिपायांपैकी बहुतेकांची नुसती संख्या. २०२१ साली त्या कमिशनच्याच समितीनं हा भेदभाव लेखी मान्य केला. चित्रात कोण नाही, हा प्रश्न चित्रपुस्तकावर विचारायला शिकलेली मुलं तो दगडावरच्या नावांनाही विचारतात.

सातारा-सांगलीच्या मुलांपुढे आणखी एक गोष्ट ठेवल्याशिवाय राहवत नाही. १९४२ ते १९४५ या काळात आपल्या गावांत दोन लढाया एकाच वेळी चालू होत्या. एका घरातला मुलगा इंग्रजांच्या पलटणीत इटलीला किंवा ब्रह्मदेशात, आणि शेजारच्या घरातला नाना पाटलांनी इंग्रजांविरुद्ध चालवलेल्या प्रतिसरकारात, त्याच्या तूफान सेनेत. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्य २५ लाखांच्या घरात गेलं होतं. त्याच काळात ९ सप्टेंबर १९४२ला वडूजच्या कचेरीवर तिरंगा घेऊन गेलेल्या मोर्च्यावर गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे यांच्यासह ९ जण हुतात्मा झाले. ७ जून १९४३ला शेणोलीजवळ क्रांतिकारकांनी पगाराची रेल्वे लुटली. त्याच वर्षी २४ जुलैला वसंतदादा पाटील सांगलीच्या तुरुंगातून साथीदारांसह निसटले. पाठलागात त्यातले दोघे मारले गेले. तेव्हा वाळवा, तासगाव हे सगळं सातारा जिल्ह्यातच होतं. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६०मध्ये त्याचं नाव सांगली झालं, म्हणून ही गोष्ट दोन्ही जिल्ह्यांची आहे. ‘मग बरोबर कोण होतं?’ असं मुलं विचारतात. घाईनं उत्तर देऊ नका. तो का गेला आणि हा का गेला, हे दोन्हींकडून सांगा. पाचवीच्या पुढच्या मुलांना दोन कारणं एकाच वेळी मनात धरता येतात, आपण मोठे उगाच त्यांच्या वतीनं घाबरतो. प्रतिसरकारानं फितुरांना दिलेल्या शिक्षांचा विषय मात्र आठवीच्या आधी काढू नका.

या गोष्टींची मला हवी तशी चित्रपुस्तकं बाजारात मिळत नाहीत, म्हणून मी ती मुलांकडूनच करून घेते. ड्रॉइंग पेपरचे चार कागद मधोमध दुमडले की १६ पानं होतात. मध्ये दाभणानं भोकं पाडून जाड दोऱ्यानं शिवायची. पानावर एक चित्र आणि एकच वाक्य. दोन नियम मात्र मी सोडत नाही. शेवटच्या पानावर ‘हे आम्हाला कसं कळलं’ असं लिहायचं आणि कुणी सांगितलं, कुठला फोटो पाहिला, कुठली कोनशिला वाचली ते तिथं नोंदवायचं. आणि जे कल्पनेनं काढलं ते कल्पनेनं काढलं असं लिहायचं. एका मुलानं लिहिलं होतं, ‘पंजोबांच्या ट्रंकेचा रंग आम्हाला माहीत नाही, आम्ही निळा दिला.’ हे वाक्य त्याला परीक्षेत गुण देणार नाही, पण इतिहास लिहिणाऱ्याचा प्रामाणिकपणा त्याच्यात आला होता.

१९४२ पाहिलेली माणसं आता फार थोडी राहिली आहेत, जी आहेत ती तेव्हा लहान होती. त्यांना लढाईचं विचारण्याऐवजी तेव्हा घरात काय संपायचं ते विचारा : रॉकेल, साखर, कापड. कंट्रोलच्या धान्याच्या रांगा आजींना पक्क्या आठवतात. १९७१ची लढाई लढलेले जवान मात्र गावोगाव आहेत, सत्तरी ओलांडलेले. आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला मराठा पलटण लढली, तिथले किंवा त्या वेळचे कुणी तुमच्या पंचक्रोशीत असतील तर त्यांना वर्गात बोलवा. मुलांचे प्रश्न आधी लिहून त्यांच्या घरी पोचते करा, म्हणजे नको तो प्रश्न त्यांना काढून टाकता येईल. ‘तुम्ही किती माणसं मारली?’ हा प्रश्न दरवेळी कुणीतरी लिहितंच. तो पाठवू नका, पण लिहिणाऱ्या मुलाला रागावूही नका. त्याला बाजूला घेऊन सांगा की हे विचारल्यानं माणसाला त्रास होतो. त्याऐवजी खायला काय मिळायचं, पत्र किती दिवसांनी यायचं, झोप कुठं घ्यायचा, परत आल्यावर पहिल्यांदा कोण दिसलं, असले प्रश्न ठेवा. त्यांच्या उत्तरांतून मुलांच्या पुस्तकाची अर्धी पानं भरतात.

तुमच्या वर्गापुरतं सांगायचं तर दिवाळीपर्यंत घर सोडणाऱ्या कुटुंबाचं पुस्तक आणि वळिवडे-पाचगणीची दोरी. दिवाळीत बरेच फौजी सुट्टीवर येतात, तेव्हा एखाद्याला गाठून ठेवा. सुट्टीनंतर चौथीला हत्ती, त्या वेळी तिसरीला चित्रं काढायला दुसऱ्या खोलीत बसवता आलं तर बघा. जोडवर्गात ते जमत नसेल तर हत्तींचं पुस्तक पुढच्या वर्षावर ढकला, तोवर तुमची तिसरी चौथीत आलेली असेल.